पहिला श्रोता

ज्या गाण्याला अजून कुणी ऐकणारंच नाही, ते सगळ्यात आधी कोण ऐकतं, याचं मला फार कुतूहल आहे. गाणाऱ्याच्या घरची माणसं, दोस्तमंडळी, रेकॉर्डिंग करणारा, हे सगळे आतले झाले; ते सोडून देऊ. मी म्हणते तो पहिला परका माणूस. गाणाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, त्याला कुणी गळ घातलेली नाही, आणि तरी गाणं संपल्यावर तो ते पुन्हा पहिल्यापासून लावतो. मग शेजारच्याला म्हणतो, "अरे, हे ऐक जरा." गाणं जगात येतं ते तेव्हा, असं मला वाटतं. त्याआधी ते नुसतं केलेलं असतं.

सिनेमाच्या गाण्याला या माणसाची वाट बघावी लागत नाही. त्याच्या पाठीशी नटनट्या असतात, जाहिराती असतात, गणपतीचे मांडव आणि लग्नाच्या वराती असतात. ते न मागता कानावर पडतं, पडत राहतं आणि महिनाभरात पाठही होतं. मी त्याच गाण्यांवर वाढले आणि त्यांच्यावरचा माझा जीव अजून तसाच आहे. पण कुठल्याही कंपनीचा आधार नसताना, पदरचे पैसे घालून, घरातल्या एका खोलीत कुणी गाणं करतं तेव्हा त्याच्यापाशी यातलं काहीएक नसतं. अशा गाण्याला हल्ली सगळे 'इंडी' म्हणतात. नाव अलीकडचं आहे, धडपड जुनी आहे.

1984 साली रेमो फर्नांडिसनं गोव्यात, शिवोलीच्या आपल्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर 'गोअन क्रेझी' हा अल्बम केला. हे यंत्र कसं चालतं ते कळलं की त्या कामाची किंमत कळते. फितीवर पट्टे चारच. पहिल्यावर गिटार वाजवून घ्यायची, ती कानात ऐकत दुसऱ्यावर ताल धरायचा, तिसऱ्यावर आणखी काही. तीन भरले की ते तिन्ही मिळून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा सुरुवात करायची. एकदा एकत्र उतरवलं की मागे फिरणं नाही. गिटार जरा चढी राहिली असेल तर ती शेवटपर्यंत चढीच राहणार. शिवाय दर वेळी फितीची खरखर थोडी वाढणार. अशा यंत्रावर त्यानं एकट्यानं सगळी वाद्यं वाजवली, गाणी लिहिली, गायली, कव्हरही स्वतःच केलं. मग त्या कॅसेटी स्कूटरवर घेऊन गोव्यातल्या दुकानादुकानांत स्वतः पोचवत फिरला.

या गोष्टीतली स्कूटर सगळ्यांना आवडते. माझं मन मात्र काउंटरच्या पलीकडच्या माणसापाशी जातं. म्हापशात नाही तर मडगावात कुठल्याशा दुकानात एक तरुण येतो, दहा-बारा कॅसेटी काढून ठेवतो. कंपनीचा शिक्का नाही, नाव कुणी ऐकलेलं नाही. दुकानदारानं त्या मागच्या फळीवर टाकल्या तर तिथंच त्यांच्यावर धूळ बसणार. त्यानं एक फोडून दुकानातल्या डेकवर लावली तर रस्त्यावरून जाणारा एखादा थबकणार. तो दुकानदार कोण होता, त्यानं काय केलं, हे कुठल्या इतिहासात सापडायचं नाही. पण पुढे अख्खा देश रेमोला ओळखू लागला, त्याअर्थी अशा काही माणसांनी ती कॅसेट लावली असणार, एवढं नक्की.

असा एक दुकानदार मला माहीत होता. साताऱ्यात पोवई नाक्याकडे जाताना त्यांचं छोटं दुकान होतं. तेव्हा कॅसेट भरून घ्यायची पद्धत होती. आपण गाण्यांची यादी लिहून न्यायची, कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी न्यायला यायचं. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. यादीतली गाणी बसवून झाली की बाजूच्या शेवटी दोन-तीन मिनिटांची फीत उरायची. इतर ठिकाणी ती कोरीच सुटायची. आमचे हे दुकानदार काका तिथं आपल्या पसंतीचं एक गाणं भरत. कुणी सांगितलेलं नसे, त्याचे पैसेही ते लावत नसत. आतल्या कार्डावर आपल्या यादीतली गाणी ते बारीक, सरळ अक्षरात लिहीत. त्या शेवटच्या गाण्याची ओळ मात्र मोकळी ठेवत.

मग घरी आपण आशा, किशोर ऐकत असायचो, बाजू संपत आली असं वाटायचं, आणि एकाएकी एखादा अनोळखी आवाज सुरू व्हायचा. कधी गिटारवर एकटाच गाणारा परदेशी माणूस, कधी कुठल्याशा भाषेतला समूहाचा आवाज, कधी नुसती बासरी आणि ढोल. कोण, कुठलं, काही कळायचं नाही. विचारायला दुकानात जावंच लागायचं.

"काका, ते शेवटचं कुणाचं हो?"

"आवडलं का?"

"हो."

"किती वेळा ऐकलंस?"

दोन-तीनदा तरी ऐकलंय अशी खात्री पटली की ते नाव सांगत, आणि नावाच्या मागून त्या माणसाची गोष्ट सांगत. नुसतं कुतूहल म्हणून विचारणाऱ्याला म्हणत, "ऐक अजून, मग ये." तो तुसडेपणा नव्हता. त्यांच्या लेखी गाण्याचं नाव हे ऐकण्याचं बक्षीस होतं. आणि आणखी एक गोष्ट ते न चुकता करत. कॅसेटच्या कडेला दोन चिमुकल्या प्लास्टिकच्या पट्ट्या असत. त्या मोडल्या की वर दुसरं काही सहजी भरता येत नसे. त्या ते पेचकसाच्या टोकानं मोडूनच आपल्या हातात कॅसेट देत. आपली गाणी तर त्यामुळे सुरक्षित राहातच, पण त्यांचं ते एक गाणंही कुणाला सहजी पुसता येत नसे.

पुढे जॉन पीलबद्दल वाचलं तेव्हा मला हे काका आठवले. पीलनं हेच काम एका देशासाठी सदतीस वर्षं केलं. लिव्हरपूलजवळच्या हेसवॉलला जन्मलेला हा माणूस 1967 मध्ये बीबीसीच्या रेडिओ 1 वर आला. वाहिनी सुरू झाली तीही त्याच वर्षी. ऑक्टोबर 2004 मध्ये पेरू देशात हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला, तोवर तिथंच होता. त्याचा कार्यक्रम बहुतेक काळ रात्री उशिराचा असे. त्यात कधी काय लागेल याचा नेम नसे. पंकचा गोंगाट संपतोय तोच जमैकाचं रेगे, त्याला लागून झिंबाब्वेच्या भुंडू बॉइजची गिटार. कधी रेकॉर्ड चुकीच्या वेगानं सुरू व्हायची, मग तो तसं सांगून ती पुन्हा लावायचा. देशभरातून टपालानं ढिगानं रेकॉर्डी आणि कॅसेटी येत. त्या तो ऐके, आणि आवडलेलं गाणं त्याच रात्री नाही तर पुढच्या आठवड्यात हजारो घरांत वाजे.

त्याच्या कार्यक्रमातलं सगळ्यात मोलाचं धन एका अडचणीतून आलं, आणि ती हकिगत सांगण्याजोगी आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा रेडिओवर रेकॉर्डी किती तास वाजवायच्या यावर करारानं मर्यादा होती. वादकांच्या संघटनेला भीती वाटे, की रेडिओ दिवसभर तबकड्याच वाजवू लागला तर प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांना काम कोण देणार? रेकॉर्ड कंपन्यांचे हितसंबंधही त्यात होतेच. त्यामुळे उरलेला वेळ भरायला बीबीसीला माणसं बोलावून, त्यांच्याकडून वाजवून घेऊन ते ध्वनिमुद्रित करावं लागे. लंडनच्या मेडा व्हेल भागात बीबीसीचे स्टुडिओ होते. ती इमारत मुळात रोलर स्केटिंगसाठी बांधलेली. बँडनं तिथं यायचं, एका दिवसात साधारण चार गाणी वाजवायची आणि जायचं. पीलनं या सक्तीचं सोनं केलं. ज्यांची एकही रेकॉर्ड निघालेली नाही अशांनाही तो तिथं बोलावू लागला. त्याच्या कार्यक्रमासाठी अशी चार हजारांवर सत्रं झाली, दोन हजारांवर कलावंतांची. वाद्यवृंदातल्या नोकरदार वादकांच्या पोटापाण्यासाठी केलेल्या नियमानं तीन कॉर्ड येणाऱ्या पोरांना देशाच्या रेडिओचं दार उघडून दिलं. कुठल्या नियमातून काय उगवेल, सांगता येत नाही.

1978 सालची गोष्ट. उत्तर आयर्लंड तेव्हा बॉम्ब आणि गोळीबारानं होरपळत होता. बेलफास्टमध्ये टेरी हूली नावाचा माणूस 'गुड व्हायब्रेशन्स' हे रेकॉर्डचं दुकान चालवत होता, आणि त्याच नावानं स्थानिक पोरांच्या रेकॉर्डीही काढत होता. डेरी गावच्या 'द अंडरटोन्स' या पाच पोरांचं 'टीनेज किक्स' हे अडीच मिनिटांचं गाणं त्यानं काढलं. ते घेऊन तो लंडनला गेला, कंपन्यांची दारं ठोठावली. कुणी हात लावला नाही. एक प्रत पीलपर्यंत पोचली. पीलनं ते गाणं लावलं, आणि ते संपल्यावर लगेच पुन्हा लावलं. एकाच रात्री, एकापाठोपाठ दोनदा. रेडिओवर असं करायची रीत नाही. वाहिनी वेळ मोजून चालते आणि ऐकणारा कंटाळून निघून जाईल ही धास्ती कायम असते. पण घरी एकटा असलेला माणूस एखादं गाणं आवडलं की नेमकं हेच करतो. पील लाखो लोकांसमोर तसाच वागला, त्यामुळे ऐकणाऱ्याला कळलं की हा माणूस मनापासून सांगतोय. बँडला त्यानंतर मोठ्या कंपनीनं करारबद्ध केलं. पीलचं ते आयुष्यभर सर्वांत लाडकं गाणं राहिलं. सफोकमधल्या ग्रेट फिनबरो गावी त्याचं थडगं आहे, त्याच्या शिळेवर त्या गाण्यातले शब्द कोरलेले आहेत.

हूलीचं नाव या गोष्टीत नेहमी दुसऱ्या क्रमांकावर येतं. माझ्या मते ते पहिलं यायला हवं. पीलपाशी रेडिओ होता. हूलीपाशी अशा शहरातलं एक दुकान होतं, जिथं संध्याकाळनंतर लोक बाहेर पडायला धजत नसत. त्यानं आधी ऐकलं.

आणि मला पीलची सगळ्यात जास्त ओढ वाटते ती एका वेगळ्याच घटनेसाठी. 1981 मध्ये शेफील्डला एका कार्यक्रमानंतर जार्व्हिस कॉकर या शाळकरी मुलानं आपल्या बँडची कॅसेट त्याच्या हातात दिली. बँडचं नाव 'पल्प'. पीलनं ती ऐकली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात या पोरांना स्टुडिओत बोलावलं. पुढे काय झालं? वर्षानुवर्षं काहीच नाही. बँडमधली माणसं बदलली, अल्बम आले आणि गेले, कुणी फारसं विचारलं नाही. 1995 मध्ये त्यांचं 'कॉमन पीपल' हे गाणं ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि जार्व्हिस कॉकर घराघरांत पोचला. मध्ये चौदा वर्षं गेली. एखाद्या कंपनीच्या हिशेबात ती कॅसेट बोलावण्याजोगी नव्हतीच. पण पीलनं 1981 मध्ये त्यांना बोलावलं ते 1995 वर डोळा ठेवून नव्हे. त्या आठवड्यात ऐकलेल्या कॅसेटींत त्याला ती आवडली, बस्स. नवं गाणं सुचवणं आणि कोण मोठा होणार याचं भाकीत करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक त्यांची सारखी गल्लत करतात. "याला मी आधीच ओळखलं होतं" या समाधानासाठी जो गाणी शोधतो त्याला गाण्यापेक्षा स्वतःचीच ओढ जास्त असते.

एकानं दुसऱ्यापर्यंत गाणं पोचवण्याचा हा व्यवहार महाराष्ट्राला नवा नाही. शास्त्रीय संगीताच्या खाजगी बैठकींची ध्वनिमुद्रणं इथं वर्षानुवर्षं हातोहात फिरली. कुणाच्या दिवाणखान्यात कुमारजी गायले, कुणीतरी स्पूलवर ते घेतलं, त्याची कॅसेट झाली, कॅसेटीची कॅसेट झाली. चौथ्या-पाचव्या प्रतीत तानपुरा आणि खरखर यांतला फरक उरत नसे. पण देणारा सांगत असे, "बंदिश सुरू झाल्यावर घाई करू नकोस, अंतऱ्याला पोचल्यावर काय होतं ते बघ." ती एक सूचना घेऊन आपण तासभर बसत असू. नुसत्या फितीनं ते झालं नसतं.

आता गाणी सुचवणाऱ्या यंत्राबद्दल. स्पॉटिफाय हे गाणी ऐकण्याचं अ‍ॅप भारतात 2019 च्या फेब्रुवारीत आलं. त्याची दर सोमवारी प्रत्येकाला वेगळी तीस गाणी काढून देणारी यादी जगात 2015 पासून आहे. तिनं मलाही सुंदर गाणी दिली आहेत, ते मी नाकारणार नाही. पण ती यादी कशी होते ते लक्षात घ्यायला हवं. तिचा मोठा भाग उभा असतो तो लोकांच्या वागण्यावर. तुम्ही जी गाणी ऐकता, तीच ऐकणारे इतर हजारो लोक आणखी काय ऐकतात, कुठली गाणी त्यांच्या याद्यांमध्ये शेजारीशेजारी येतात, कुठलं अर्ध्यात सोडतात, या खुणांवरून यंत्र अंदाज बांधतं. म्हणजे त्याला खुणा लागतात. ज्या गाण्यावरून अजून कुणी चाललेलंच नाही, तिथं पाऊलवाट कुठून दिसणार? हे काम करणाऱ्या संगणकतज्ज्ञांनाही ही अडचण पक्की ठाऊक आहे, आणि गाण्याची ध्वनिरचना तपासून ती थोडी भरून काढण्याचे उपायही केले जातात. तरीही मूळ गोष्ट बदलत नाही. ऐकलेल्याच्या आधारावर यंत्र पुढचं सुचवतं. पहिल्यांदा ऐकायला माणूसच लागतो.

त्यात 2024 पासून एक नवी अट आली आहे. स्पॉटिफायवर एखादं गाणं आधीच्या बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्याच्या ध्वनिमुद्रणाचं मानधनच मिळत नाही. कंपनीचं म्हणणं असं, की अशा गाण्यांची रक्कम इतकी किरकोळ असते की बहुतेकदा ती कलावंतापर्यंत पोचतच नाही, आणि खोट्या गाण्यांचा सुळसुळाटही थांबायला हवा. ती रक्कम किरकोळच असते, ते खरं. पण नवशिक्या गाणाऱ्याच्या हातात आलेले पहिले चार रुपये त्याला सांगत असतात, की तू गातोस ते कुणीतरी ऐकतंय. ते चार रुपये काढून घेणं मला पटत नाही. मोठ्या गायकाच्या दृष्टीनं हजार हा आकडा तासाभराचाही नसेल. कणकवलीच्या किंवा परभणीच्या एखाद्या मुलीनं आपल्या खोलीत केलेल्या गाण्यासाठी तो आकडा म्हणजे वर्षभराची चढण असू शकते. आणि ही चढण तिला एकटीनं चढता येत नाही. वीस माणसांनी तिचं गाणं मनापासून जवळ केलं आणि आठवड्यातून एकदा ऐकलं, तर वर्षात हजार होतात. गणित एवढं साधं आहे. वीस माणसं.

माझी भाची ठाण्याला असते. वयानं माझ्या निम्मी. एकदा जेवणानंतर ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, फोन बाजूला ठेव. आधी नुसतं ऐक, मग सांगते." तिनं लावलं ते 'स्वदेशी' या मुंबईतल्या गटाचं 'द वारली रिव्हॉल्ट'. 2019 सालचं. आधुनिक ठेका, रॅप, आणि त्याच्या मधोमध एका वेगळ्याच मातीतला आवाज. कुणी शिकवलेला, स्टुडिओत घासून गुळगुळीत केलेला तो आवाज नव्हता. गाणं संपलं तशी मी तिला विचारलं, हे गाणारे कोण? तिनं आधी उत्तर दिलं नाही, गाणं पुन्हा लावलं. मला माझे साताऱ्याचे काका आठवले. तिनं त्यांना कधी पाहिलेलंही नाही.

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिनं सांगितलं. तो आवाज प्रकाश भोईर यांचा. ते आरेच्या जंगलातल्या पाड्यावर राहणारे वारली कलावंत आणि कार्यकर्ते. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं जाणार म्हणून मुंबईत जो लढा चालला होता, त्याच वर्षीचं हे गाणं. ऑक्टोबरात एका रात्री झाडांवर करवती चालू लागल्या, आणि दोनेक हजार झाडं पडली. मग तिनं त्या गटाबद्दल सांगितलं. ही मुलं वेगवेगळ्या भाषांत रॅप करतात, एमसी मवाली मराठीत, एमसी तोडफोड गुजरातीत. तोडफोड म्हणजे धर्मेश परमार. मार्च 2022 मध्ये तो गेला, वय 24. हे सांगताना ती थांबली, आणि मग आम्ही तिसऱ्यांदा ऐकलं. या वेळी मला ते सगळं वेगळंच ऐकू आलं.

तिनं जो क्रम धरला तो मला अगदी योग्य वाटतो. आधी गाणं, मग गोष्ट. आधी गोष्ट सांगितली असती तर मी सहानुभूतीनं ऐकलं असतं, आणि सहानुभूतीनं ऐकलेलं गाणं चांगलं की वाईट हे कधीच कळत नाही. गाण्यानं आधी स्वतःच्या बळावर उभं राहावं. आणि एकदा ते उभं राहिलं की गोष्ट लपवूनही ठेवू नये, कारण गाणं कुठून आलं, कशासाठी आलं, हे कळल्यावर ते आपल्यात आणखी खोल उतरतं. पुष्कळ लोक नेमकं उलटं करतात. गायकाचं दुःख, त्याची गरिबी, त्याचा संघर्ष आधी मांडतात, आणि गाणं शेवटी, भाविकांच्या हातावर तीर्थ द्यावं तसं.

गाणं सुचवताना मी "तुला नक्की आवडेल" असं कधीच म्हणत नाही. समोरच्याला आवडण्याचं ओझं कशाला? "मला यातलं हे आवडलं" एवढंच म्हणावं, आणि ते 'हे' नेमकं असावं. दुसऱ्या कडव्यानंतर ढोलकी थांबते ती जागा, किंवा गायिका शेवटचा स्वर पूर्ण न करता सोडते ती जागा. अशी एक जागा दाखवली की ऐकणारा निदान तिथपर्यंत तरी पोचतो. वीस गाण्यांची यादी पाठवणाऱ्या माणसाचं मला आश्चर्य वाटतं. वीस गाणी एकदम कुणीही ऐकत नाही. एक गाणं पाठवा, एका माणसाला, त्याचं नाव घालून. घोळक्याला पाठवलेल्या गाण्याची जबाबदारी घोळक्यातला कुणीच घेत नाही.

एक गाणं आज पोचलं नाही म्हणून कायमचं गेलं, असंही नाही. 1975 मध्ये गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सोबत्यांनी कोलकात्यात 'मोहीनेर घोडागुली' हा बँड काढला. बाउल, जाझ, शहरी जगणं हे सगळं एकत्र आणणारी बंगाली गाणी. सत्तरच्या दशकात त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या, फारशा कुणी विचारल्या नाहीत, बँड मोडला. 1995 मध्ये गौतमबाबूंनी पुन्हा कॅसेट काढली, आणि या वेळी ते स्वतः संपादक झाले. आपल्या गाण्यांबरोबर त्यांनी नव्या पोरांची, इतर बँडची गाणीही आपल्या नावाखाली आणली. आपलं नाव ऐकून कुणी आलंच तर त्याच्या कानावर ही तरुण पोरंही पडावीत म्हणून. बंगालच्या तरुण पिढीनं ती कॅसेट डोक्यावर घेतली. याच मालिकेतल्या 'पृथिबी' या गाण्याची चाल पुढे 2006 मध्ये 'गँगस्टर' या हिंदी सिनेमापर्यंत पोचली, आणि देशभर लाखो लोकांनी ती मूळ गाणं न ऐकताच गुणगुणली. गौतमबाबू 1999 मध्ये गेले होते. पण मला त्यांची थोरवी जाणवते ती त्या संपादनात. स्वतः वीस वर्षं दुर्लक्षित राहिलेला माणूस, कुणी ऐकू लागलं तेव्हा आधी दुसऱ्यांना पुढे करतो.

आपल्याकडे गाणाऱ्यांची वाण नाही. मराठीत, कोकणीत, अहिराणीत, आगरीत, वऱ्हाडीत मुलं-मुली घरी गाणी करताहेत. साध्या संगणकावर आज रेमोच्या चार पट्ट्यांच्या कितीतरी पट काम होतं. टंचाई आहे ती ऐकणाऱ्यांची, आणि त्यातही थांबून ऐकणाऱ्यांची. गाणं शोधायला फार लांब जावंही लागत नाही. एखादं गाणं आवडलं की त्यात ढोलकी कुणी वाजवली, ध्वनिमुद्रण कुणी केलं ते बघावं. तीच माणसं आणखी कुणाबरोबर काम करतात त्या वाटेनं गेलं की तीन-चार वळणांत आपण पूर्ण अनोळखी मुलखात पोचतो. मी तशीच जाते.

आणि आवडलेलं विकत घ्यावं. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी अल्बम थेट कलावंताकडून घेता येतो. 2008 पासून ते चालू आहे, डिजिटल विक्रीतला साधारण 15 टक्के वाटा ते ठेवतात, आणि पैसे देण्याघेण्याचा किरकोळ खर्च वजा जाता बाकी सगळे गाणाऱ्याकडे जातात. एका अल्बमच्या विक्रीतून त्याला जे मिळतं ते हजारो वेळा ऐकूनही मिळत नाही. आपण नाटकाला जाताना तिकीट काढतो, दिवाळी अंक विकत घेतो. गाणं तेवढं फुकट मिळावं असं आपल्याला का वाटू लागलं, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. या आठवड्यात असं एक गाणं शोधा, ज्याच्या खाली ऐकणाऱ्यांचा आकडा हजाराच्या आत आहे. ते तीनदा ऐका. नाही आवडलं तर सोडून द्या, दुसरं घ्या. आवडेपर्यंत शोधत राहा. आवडलं की एका माणसाला पाठवा, आणि त्यातली एक जागा सांगा. मग त्या गाणाऱ्यालाही दोन ओळी लिहा. त्याचा पत्ता बहुतेक वेळा गाण्याच्या खालीच असतो, आणि तो उत्तर देतो.